रोज सहाशे बारा वाहनं

मुकादमाने तीस वर्षं परिषदेच्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवले. डांबराच्या धुराने त्याच्या भुवया कायमच्या विरळ झाल्या, गुडघे कामातून गेले, आणि निवृत्त होऊन तो घरी बसला तेव्हा त्याच्याच दारात येणाऱ्या तीन किलोमीटर रस्त्याची चाळणी झालेली होती. याला कोणी नशीब म्हणेल, कोणी परिषदेचा कारभार म्हणेल. मुकादम दोन्हीला एकच शिवी देत असे.

रस्ता मोठ्या सडकेवरून फुटायचा, अर्ध्या किलोमीटरवर एक मोरी ओलांडायचा आणि चाळीस-पन्नास घरांच्या वस्तीत येऊन संपायचा. बाकीच्यांना त्यात नुसते खड्डे दिसत. मुकादमाला खड्ड्यांची कारणं दिसत, आणि तोच त्याचा खरा ताप होता. इथे साईडपट्टी खचली म्हणून पाणी आत शिरलं. इथे खडी अंथरणाऱ्याने घाई केली. इथे रोलर फक्त कागदावर फिरला. चालता चालता तो जागोजाग थांबून कोणाच्या तरी नावाने बोटं मोडायचा, त्यामुळे तीन किलोमीटरला त्याला दीड तास लागायचा.

एवढा संताप त्याने गिळलाही असता. माणसं याहून मोठे संताप गिळून जेवायला बसतात. पण त्या रस्त्यापायी त्याची बायको शहरात अडकून पडली होती, ते काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं.

बायको शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी तिचं मशीन होतं आणि अर्ध्या वस्तीच्या अंगावरचे कपडे त्या मशीनखालून गेलेले होते. वर्षानुवर्षं वाकून वाकून तिच्या पाठीने एक दिवस संप पुकारला. सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. रुग्णवाहिका मोरीपर्यंत आली आणि चालकाने हात जोडले, "पुढे नेली तर गाडी माझ्या अंगावर पडेल." मग शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याच्या ट्रॉलीत चार गाद्या टाकून तिला मोरीपर्यंत नेलं. मुकादम तिचं डोकं मांडीवर धरून बसला होता. प्रत्येक खड्डा त्याच्या ओळखीचा, त्यामुळे ती ओरडायच्या आधीच त्याला कळायचं की आता ओरडणार. ते अडीच किलोमीटर त्याच्या डोक्यातून कधी गेले नाहीत.

शस्त्रक्रिया झाली. पाठीत पट्ट्या आणि स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, "चालायला हरकत नाही, उलट रोज चालायचं. पण गाडीत बसून आदळायचं नाही. एक जोरात धक्का बसला की पुन्हा टेबलावर यावं लागेल." तेव्हापासून अकरा महिने ती शहरात लेकीकडे होती, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, लिफ्ट नाही अशा इमारतीत. मुकादम आठवड्यातून एकदा जायचा आणि दारातली चपलांची गर्दी बघून संध्याकाळी परतायचा. रोज चार वाजता तिचा फोन यायचा आणि त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"कुठवर आलं?"

"होईल," मुकादम म्हणायचा.

"अहो, होईल होईल म्हणताय. इथे लेक जीव लावते, जावई एका शब्दाने दुखवत नाही. पण मी दिवसभर दुसऱ्याच्या घरातली भिंत बघत बसते. मला माझ्या घरी यायचंय."

"आणतो म्हटलं ना."

आणतो म्हणणं सोपं होतं. परिषदेच्या कार्यालयात चौकशीची खिडकी छातीच्या उंचीवर होती, त्यामुळे काही विचारायचं तर माणसाला आधी वाकावं लागे. मुकादम तीनदा वाकून आला. तिसऱ्यांदा आतल्या कारकुनाने त्याच्या रस्त्याचा कागद शोधून तरी काढला.

"दिवसाला अडतीस वाहनं," कारकून म्हणाला. "डांबरीकरणाला दीडशे लागतात."

"रस्ता असा आहे म्हणून कोणी येत नाही हो."

"बरोबर. आणि कोणी येत नाही म्हणून रस्ता करता येत नाही." कारकून असा समाधानाने हसला, जणू दोघांचं एकदाचं एकमत झालं.

"आणि चालत जाणारी माणसं? ती धरली का?"

"माणूस हे वाहन नाही, काका."

मुकादम वाकलेला सरळ झाला तेव्हा त्याचे गुडघे वाजले. खिडकीची काच फोडावी असं त्याला मनापासून वाटलं. पण त्याच कार्यालयातून त्याचं निवृत्तिवेतन यायचं, म्हणून तो नुसताच बाहेर आला आणि पायरीवर बसून राहिला.

तिथे त्याला सभासदबाई भेटल्या. त्या भागातून परिषदेवर निवडून आलेल्या, दोन फोनवर एकाच वेळी बोलणाऱ्या, आणि मनाने वाईट नसलेल्या. मुकादमाने त्यांना सगळं सांगितलं, ट्रॉलीतल्या गाद्यांसकट. बाईंनी दोन्ही फोन पर्समध्ये टाकले. "डांबराचं माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या, "पण मोजणी पुन्हा लावून देते. सात दिवसांची. आकडा वर आला पाहिजे, बाकी मी भांडते." आणि बाईंनी शब्द पाळला. तीन आठवड्यांत मोजणीची तारीख आली.

त्या संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्याच्या शेडमध्ये वस्ती जमली. आकडा वर आणायचा म्हणजे काय करायचं, हे कोणाला फोड करून सांगावं लागलं नाही. सात दिवस सगळ्यांनी येरझाऱ्या घालायच्या. प्रश्न एवढाच होता की किती.

"दीडशे लागतात ना? मग एकशे साठ करू," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

मुकादम हसला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच हसला असेल. "तू ऑफिसात कधी काम केलंयस का? मी केलंय. वीस पिंप डांबर पाहिजे असेल तर चाळीस लिहायचं. वर गेलं की साहेब निम्मं कापतो. न कापता सही केली तर साहेबाला साहेब झाल्यासारखं वाटत नाही. तीस वर्षं आम्ही सगळं दुप्पट मागितलं, तेव्हा कुठे गरजेपुरतं मिळालं. दीडशे पाहिजेत, तर तीनशेच्या वर दिसले पाहिजेत."

हे सगळ्यांना पटलं. तीस वर्षांचा अनुभव बोलत होता, आणि अनुभवापुढे कोण तोंड उघडणार? शिवाय मुकादमाने आणखी एक बारकावा सांगितला: ट्रॅक्टर मोकळे फिरवायचे नाहीत, मागे ट्रॉली जोडायची. जड वाहतूक दिसली की साहेबाला रस्त्याची काळजी वाटते. त्याने वहीत वेळापत्रक आखलं, कोणी कधी निघायचं, कोणी कुठे वळायचं, कोणी चहाला कधी थांबायचं. बायकोच्या फोनला त्या दिवशी त्याने छातीठोकपणे सांगितलं, "आता आलंच समज."

मोजणीला एक तरुण अभियंता बाई आल्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मुकादमाला वाटलं होतं, त्याच्या काळासारखा कोणीतरी माणूस खुर्ची टाकून बसेल, चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. बाईंनी मोरीजवळ रस्त्यावर एक काळी रबरी नळी आडवी ठोकली, तिचं टोक एका कुलूपबंद डब्यात खुपसलं आणि त्या निघून गेल्या. मुकादमाने नळीवर पाय देऊन पाहिला. डब्याने हूं की चूं केलं नाही.

ते सात दिवस वस्तीने असे काढले की लग्नघरही फिकं पडावं. सोळा ट्रॅक्टर मागे रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत सकाळपासून मोरीकडे जायचे, सडकेवर वळायचे आणि परत यायचे. दूधवाला कॅन न घेता फेऱ्या घालू लागला. सारख्या आदळण्याने तीन ट्रॉल्यांचे जोड निखळले आणि एकाच्या तोंडातला नवा बसवलेला दात हलला. मुकादम मोरीच्या कठड्यावर वही घेऊन बसायचा आणि रेघा मारायचा. रोजच्या तीनशे दहा, तीनशे पंधरा. त्याच्या मते अगदी नेमकं. साहेबाने निम्मं कापलं तरी दीडशेच्या वर.

आठव्या दिवशी अभियंता बाई नळी गुंडाळायला आल्या. डबा उघडून त्यांनी आकडा पाहिला, मग रस्त्याकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे. काहीतरी विचारावं असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी विचारलं नाही, वहीत लिहून घेतलं आणि त्या गेल्या.

महिन्याने सभासदबाई स्वतः गाडी मोरीशी ठेवून चालत वस्तीवर आल्या. त्यांच्या हातात पत्र होतं आणि चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, थोडी भीतीच होती.

"रोज सरासरी सहाशे बारा वाहनं," त्यांनी वाचलं.

शेडमध्ये टाळ्या पडल्या. मुकादमाने मात्र टाळी वाजवली नाही. "सहाशे? माझ्या वहीत तीनशे आहेत."

"ती नळी चाकांचे जोड मोजते म्हणे. दोन जोड म्हणजे एक वाहन. तुमचा ट्रॅक्टर एक वाहन, मागची ट्रॉली दुसरं."

मुकादम उठून उभा राहिला. "आणि साहेबाने कापले किती?"

"कापायचं काय त्यात? यंत्राचा आकडा आहे. जशाच्या तसा वर गेला." बाईंनी पत्र उलटलं. "सहाशेच्या वर गेलं की ग्रामीण रस्ता राहत नाही. तुमचा रस्ता आता मुख्य रस्ता झालाय. अठरा मीटर रुंद होणार. दोन्ही बाजूंनी जमीन घेणार."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं कोणी तरी मागून बोललं आणि दोघे-तिघे हसलेसुद्धा. मुकादमाने विचारलं, "कधी?"

"आधी सर्वेक्षण, मग आराखडा, मग भूसंपादन. सात वर्षं धरून चाला."

"आणि तोवर हे खड्डे?"

सभासदबाईंनी पत्राची घडी घातली. "जो रस्ता रुंद व्हायचाय त्यावर तोवर एक घमेलंही टाकता येत नाही. एकाच रस्त्यावर दोनदा खर्च चालत नाही, नियम आहे. मी भांडले हो, मुकादम. खरंच भांडले."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बारा वाहनं! बारा वाहनं कमी पडली असती तर पुढच्या महिन्यात डांबर पडलं असतं. एका ट्रॅक्टरवाल्याला तीन दिवस ताप आला असता, दूधवाल्याची गाडी बंद पडली असती, तरी भागलं असतं. मुकादम रात्रंदिवस या बारांचा हिशेब करत राहिला आणि दर वेळी शेवटी स्वतःच्याच वहीवर येऊन थांबला. वस्तीने त्याला शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे त्याला जास्तच लागलं.

चार दिवसांनी सर्वेक्षणवाले आले आणि त्याच्या घराच्या पुढच्या भिंतीवर लाल रंगाची फुली मारून गेले. फुली मशीनच्या खिडकीच्या बरोब्बर शेजारी होती.

सुनावणी परिषदेच्या सभागृहात झाली. पुढे मंचावर मोठे साहेब, शेजारी अभियंता बाई, भिंतीवर नकाशा. नकाशात मुकादमाचं घर पोस्टाच्या तिकिटाएवढंही नव्हतं आणि त्यातून एक जाड रेघ गेली होती. ज्याने ती मारली त्याने वस्ती पाहिलेली नव्हती, हे मुकादमाला रेघेवरूनच कळलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा हात असा सरळ चालतो. नाव पुकारल्यावर तो उठला. रात्रभर त्याने एकच गोष्ट ठरवली होती, की खरं सांगून टाकायचं.

"साहेब, तो आकडा खोटा आहे," तो म्हणाला. "आम्ही सात दिवस रिकाम्या ट्रॉल्या फिरवल्या. मी वेळापत्रक आखलं होतं. ही माझी वही. दोष माझा. पुन्हा मोजा."

साहेबांनी चष्मा काढला. ते चिडतील, ओरडतील असं मुकादमाला वाटलं होतं, आणि ओरडले असते तर बरंच झालं असतं. साहेब शांतपणे कागद चाळत म्हणाले, "तुमची हरकत जमिनीबद्दल आहे, मोबदल्याबद्दल की झाडांबद्दल?"

"आकड्याबद्दल."

"हरकतीच्या अर्जात आकड्याचा रकाना नाही. आकड्यावर हरकत घ्यायची मुदत तीस दिवसांची होती. सूचना या इमारतीतल्या फलकावर लावली होती."

"मी पंचवीस किलोमीटरवर राहतो, साहेब. फलक वाचायला रोज कसा येऊ?"

"ते नियमात नाही." साहेबांनी चष्मा परत घातला आणि आवाज थोडा खाली आणला. माणूस म्हणून ते वाईट नसावेत, आणि याचाच मुकादमाला फार राग आला. "आणि समजा, मी तुमचं म्हणणं लिहून घेतलं. आकडा रद्द झाला. मग जुना आकडा लागू होईल, अडतीस. पन्नासच्या खालचे रस्ते यंदापासून परिषदेच्या यादीतून वगळायचे आहेत. म्हणजे तो रस्ताच राहणार नाही. पाऊलवाट. सात वर्षांनी नाही, कधीच काही होणार नाही. लिहू?"

मागच्या रांगेतून ट्रॅक्टरवाल्याने मुकादमाच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "बस खाली. बस म्हणतो ना!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुकादम वही छातीशी धरून उभाच राहिला. तीस वर्षं ज्या कार्यालयाची चाकरी केली, तिथे खोटं बोलला ते लगेच मंजूर झालं आणि खरं बोलला तर त्याला रकाना नाही. त्याला रडू येत होतं आणि एवढ्या लोकांत रडायचं नव्हतं. शेवटी तो बसला. बाहेर पडताना अभियंता बाई जिन्यात त्याच्याजवळ आल्या. "मला तेव्हाच शंका आली होती काका," त्या हळूच म्हणाल्या. "पण डबा जो आकडा दाखवतो तोच लिहायचा असतो."

चार वाजता फोन आला. "कुठवर आलं?"

मुकादमाने सगळं सांगितलं. ट्रॉल्या, डबा, बारा वाहनं, रकाना, मशीनच्या खोलीवरची फुली, काही झाकून ठेवलं नाही.

"म्हणजे तुम्ही दुप्पट मागितलंत," बायको म्हणाली.

"सवय गं."

"सवयच. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांना पगारही दुप्पटच सांगितला होतात." ती हसली, मग हसता हसता थांबली. "सात वर्षं मी या जिन्यावर काढायची का हो?"

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मुकादमाने माळ्यावरून जुनं फावडं, टिकाव आणि मुरूम ठोकायचं धुमस खाली काढलं. परिषद घमेलं टाकणार नसेल तर आपण टाकू. तीन मीटर रुंद रस्ता एकट्याने होत नाही, हे त्याला कळत होतं. पण मोटारीची चाकं दोनच पट्ट्यांवरून जातात, तेवढ्या पट्ट्या तरी होतील. ट्रॅक्टरवाला माळावरचा मुरूम ट्रॉलीने आणून टाकायचा, एक शब्द न बोलता; कदाचित सदरा ओढल्याचं त्याच्या मनात असेल. मुकादम आधी खड्ड्याच्या कडा चौकोनी तासायचा, आतली माती साफ करायचा, थर टाकायचा, पाणी मारायचा, धुमसायचा, मग दुसरा थर. घाई केलेली जागा त्याला आयुष्यभर कळत आली होती, त्यामुळे स्वतः घाई करणं त्याला जमेना. नऊ आठवडे लागले. धुमस उचलून उचलून त्याचा उजवा खांदा वर जाईना. शेवटच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने पाण्याने काठोकाठ भरलेलं भांडं मोटारीत ठेवून सगळा रस्ता हळूहळू पार केला. भांड्यातलं पाणी थोडंसंच सांडलं.

"आण तिला," तो म्हणाला.

मुकादम पहाटे निघून पायी सडकेवर गेला आणि पहिल्या गाडीने शहरात पोचला. बायकोला तीन जिने उतरायला पाऊण तास लागला. दर पायरीला ती दोन्ही पाय टेकवायची, तोंड घट्ट मिटून. खाली आल्यावर लेकीने तिला टॅक्सीत बसवलं, पाठीला उशा लावल्या आणि स्वतः पिशवी घेऊन पुढे बसली. सडकेवर बायको डोळे मिटून होती. मोरी ओलांडली तसे तिने डोळे उघडले.

"अहो, लागत नाहीये काही," ती म्हणाली.

आपल्या हाताने भरलेला एकेक खड्डा चाकाखालून जाताना मुकादमाला कळत होता, आणि बायको एकदाही ओरडत नव्हती.

मग टॅक्सी थांबली. पुढे रस्त्याच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा खोल, चौकोनी खड्डा होता. भोवती पट्टी बांधलेली. दोनशे पावलांवर पुढे दुसरा. त्याच्या पलीकडे तिसरा, आणि खोदाईचं यंत्र घरघरत वस्तीच्या दिशेने चाललेलं. पट्टीपाशी एका घडीच्या स्टुलावर पिवळ्या हेल्मेटच्या अभियंता बाई मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसल्या होत्या.

"हे काय?" मुकादम टॅक्सीतून जवळजवळ पडतच उतरला. "हे काय केलंत?"

"मातीची तपासणी, काका. रुंदीकरणाची." बाई उभ्या राहिल्या. "बारा खड्डे घ्यायचेत. तुमच्याकडे सूचना आली नाही का?"

"कोणत्या फलकावर लावली होती?"

बाईंनी मान खाली घातली. "प्रयोगशाळेचा अहवाल आला की बुजवून देतील. पंधरा दिवस."

मग मुकादम जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. परिषद, साहेब, डबा, नळी, फलक, कोणी सुटलं नाही. नऊ आठवड्यांचा मुरूम त्या यंत्राने सहज उकरून बाजूला ढीग घातला होता आणि त्या ढिगात त्याला स्वतःचे थर ओळखू येत होते. लेक त्याचा हात धरून म्हणत होती, "बाबा, आज परत जाऊ या. पंधरा दिवसांनी येऊ."

टॅक्सीचं मागचं दार उघडलं. बायकोने आधी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि दाराला धरून उभी राहिली.

"मी ते जिने उतरून आलेय," ती म्हणाली. "परत चढणार नाही. चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"अगं, दोन किलोमीटरच्या वर आहे अजून! तू गॅलरीत दहा चकरा मारतेस, तेवढंच!"

"मग बसत बसत जाऊ."

अभियंता बाईंनी आपलं घडीचं स्टूल उचललं आणि मुकादमापुढे धरलं. "हे न्या," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "फक्त संध्याकाळपर्यंत परत द्या. साहित्याच्या यादीत आहे."

मुकादमाला ते स्टूल खड्ड्यात फेकून द्यावंसं वाटलं. त्याने ते घेतलं.

पहिले तीन खड्डे तिने न बसता ओलांडले, पट्टीला वळसा घालून, एक हात लेकीच्या खांद्यावर. चौथ्याला ती बसली. पाचव्याला जास्त वेळ बसली. सूर्य डोक्यावर आला होता आणि रस्त्याला सावलीचं नाव नव्हतं. समोरून ट्रॅक्टरवाला ट्रॉलीत गाद्या घालून खड्डे चुकवत शेतातून यायला बघत होता. तिने लांबूनच हात हलवून त्याला नको म्हटलं. सातव्या खड्ड्यापाशी ती स्टुलावर बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि पाय थरथरत होते.

"किती राहिले?" तिने विचारलं.

"पाच."

आणि मुकादमाचा बांध फुटला. मी एकशे साठच म्हणायला हवं होतं, तो ओरडला, ट्रॅक्टरवाला एकशे साठ म्हणत होता, मी शहाणा, मला सगळं कळतं, तीस वर्षांचा अनुभव, थू त्या अनुभवावर, मी तुला या उन्हात आणून बसवलं, साहेबाने नाही, मीच, आणि घर तरी कुठे राहणार आहे, तेही जाणार, कशाला चालतेयस, कशासाठी? तो रस्त्यात उभा राहून दोन्ही हातांनी आपलं डोकं बडवत होता आणि लेक घाबरून त्याच्याकडे बघत होती.

बायकोने त्याला पुरतं ओरडू दिलं. मग लेकीचा हात धरून ती हळूहळू उठली आणि स्टूल मोकळं केलं.

"झालं ओरडून? मग हे पुढे नेऊन ठेवा," ती म्हणाली. "माझं घर अजून उभं आहे."

मुकादमाने बाहीने तोंड पुसलं. त्याने स्टूल उचललं, आठव्या खड्ड्यापाशी नेऊन नीट, डगमगणार नाही असं टेकवलं, आणि तिला घ्यायला मागे आला.